कुठलं तेल, किती आणि कशाच्या जागी? लिपिड प्रोफाइल समोर ठेवून स्वयंपाकघर बदलताना

वडिलांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा भेटायला आलेल्या प्रत्येकाने आम्हाला एक तेल सांगितलं. रत्नागिरीची आत्या म्हणाली, "आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या खोबरेल खातात, काय झालंय कुणाला?" लातूरचे मामा म्हणाले, "करडईशिवाय दुसरं तेल घरात आणू नका." दिल्लीत नोकरी केलेले वडिलांचे मित्र मोहरीच्या तेलावर ठाम होते. शेजारच्या काकूंनी तर ऑलिव्ह ऑइलची बाटलीच आणून ठेवली. आजीचं म्हणणं, घरचं कढवलेलं तूप सोडलंत तिथेच सगळं बिघडलं.

सगळे मायेने सांगत होते आणि प्रत्येकाच्या बोलण्यात थोडं तथ्यही होतं. पण सध्या तुमच्या घरात कुठलं तेल येतं आणि ते महिन्याला किती लागतं, हे एकानेही विचारलं नाही. सुरुवात तिथूनच करायला हवी, कारण एखादं तेल रक्तातले आकडे चढवणार की उतरवणार हे ते कशाच्या जागी आलं यावर ठरतं. तुपाच्या जागी शेंगदाणा तेल आणलं तर एलडीएल, म्हणजे ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते, उतरेल. करडईच्या जागी तेच शेंगदाणा तेल आणलं तर एलडीएल थोडं चढूही शकतं. आणि तेल कमी करून त्या जागी साबुदाणा, बिस्किटं आणि जास्तीचा भात आला तर भलताच आकडा वर जातो.

वडिलांच्या निमित्ताने मीही लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या कोलेस्टेरॉल आणि चरबीची तपासणी, करून घेतली. पुढचे रक्तातले सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत. एकूण कोलेस्टेरॉल २१७, एलडीएल १४१, एचडीएल ३९, ट्रायग्लिसराइड्स १८६. डॉक्टरांनी मला तीन महिने दिले. त्या तीन महिन्यांत मी जे शिकले, वाचलं आणि स्वयंपाकघरात करून पाहिलं, ते इथे पायरीपायरीने लिहिते आहे. ज्यांना हृदयविकार आधीच झाला आहे त्यांनी हे सगळं औषधं चालू ठेवूनच करायचं आहे. कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गोळ्या एलडीएल ३० ते ५० टक्के आणि कधी त्याहूनही जास्त उतरवतात. तेल बदलून एवढं उतरत नाही.

पहिली पायरी: रिपोर्ट वाचा

तेलाचा सर्वांत थेट परिणाम एलडीएलवर दिसतो. यकृताच्या पेशींवर एलडीएल रक्तातून उचलून घेणारे रिसेप्टर असतात. संतृप्त चरबी, म्हणजे तूप, लोणी, खोबरेल, पाम यांत भरपूर असणारी चरबी, जास्त पोटात गेली की हे रिसेप्टर मंदावतात आणि एलडीएल रक्तातच फिरत राहतं. बहुअसंतृप्त चरबीने, म्हणजे पाकिटावर ज्याला पुफा लिहितात तिने, उलट घडतं. एकअसंतृप्त, म्हणजे मुफा, संतृप्त चरबीच्या जागी आली तर एलडीएल उतरतं, पण पुफापेक्षा थोडं कमी.

ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तात फिरणारी चरबी, यांचं तसं नाही. ते साखर, मैदा, भाताचं मोठं ताट, दारू आणि पोटावरची चरबी यांनी चढतात. आपल्याकडे ट्रायग्लिसराइड्स जास्त आणि एचडीएल कमी, अशी जोडी खूप लोकांत सापडते. माझ्या रिपोर्टातही तीच होती. अशा माणसाने फक्त तेल बदलून चालत नाही.

एचडीएलला आपण चांगलं कोलेस्टेरॉल म्हणतो. पण एचडीएल वाढवणारी औषधं शोधून मोठमोठ्या चाचण्या झाल्या आणि निव्वळ एचडीएल वाढल्याने हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत. खोबरेलाकडे वळू तेव्हा हे लक्षात असू द्या.

आता पेन घ्या आणि एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा. उरतं ते नॉन-एचडीएल. माझं आलं १७८. रक्तवाहिनीत रुतून बसू शकणारे सगळे कण या एका आकड्यात येतात, ट्रायग्लिसराइड्स जास्त असले तरी तो फसवत नाही आणि त्यासाठी वेगळा पैसाही पडत नाही. बहुतेक प्रयोगशाळा एलडीएल थेट मोजत नाहीत, सूत्राने काढतात: एकूण वजा एचडीएल, वजा ट्रायग्लिसराइड्सचा पाचवा भाग. ट्रायग्लिसराइड्स ४०० च्या वर असतील तर या सूत्राला अर्थ उरत नाही.

कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये भारतीयांसाठी पातळ्या सुचवल्या. फारसा धोका नसलेल्यांचं एलडीएल १०० च्या खाली आणि नॉन-एचडीएल १३० च्या खाली असावं. मधुमेह, उच्च रक्तदाब यांसारख्या कारणांनी धोका जास्त असलेल्यांसाठी एलडीएलचा आकडा ७० आहे. हृदयविकार होऊन गेलेल्यांसाठी तो ५५ आहे. वडिलांचं उद्दिष्ट आणि माझं उद्दिष्ट एक नव्हतंच, हे मला तेव्हा कळलं.

लायपोप्रोटीन-ए, म्हणजे एलडीएलसारख्याच एका कणाचा आकडा, जवळजवळ सगळा अनुवंशिक असतो, तेलाने तो विशेष हलत नाही. घरात कमी वयात हृदयविकार झालेला असेल तर आयुष्यात एकदा तो तपासून घ्या. एलडीएल १९० च्या वर असेल तर तेलाचे प्रयोग करत बसू नका, आधी डॉक्टरांना गाठा. ते आनुवंशिक असू शकतं.

दुसरी पायरी: तेल मोजा

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २००० कॅलरींच्या दिवसासाठी जे आदर्श ताट मांडलं आहे, त्यात वरून घातलेली चरबी २७ ग्रॅम आहे. यात तेल, तूप, लोणी सगळं आलं. लिटरभर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. म्हणजे महिन्याला माणशी ८९० मिली ही वरची मर्यादा झाली, आणि बाहेरच्या वड्याचं, मिसळीच्या तर्रीचं, पोळीवरच्या तुपाचं तेवढंच त्यात बसवायचं आहे.

आम्ही चौघं. पाच लिटरच्या कॅनवर मार्करने तारीख घातली. २६ दिवसांत कॅन रिकामा झाला, शिवाय अर्धा किलो तूप संपलं होतं. "आपण फार तेलकट खात नाही" असं आमच्या घरात सगळे मानत होते.

मापासाठी वजनकाटा लागत नाही. औषधाच्या बाटलीबरोबर येणारं मापाचं झाकण घ्या आणि आपली फोडणीची पळी त्याने मोजा. आमची पळी ३० मिलीची निघाली. भाजीला एक, आमटीला एक, चटणीवर अर्धी, संध्याकाळी पुन्हा तेच. चहाचा चमचा ५ मिलीचा असेल तर त्यात साडेचार ग्रॅम तेल मावतं आणि त्यातून ४० कॅलरी मिळतात. तेल करडईचं असो की ऑलिव्हचं, ग्रॅमला कॅलरी ९ च.

आम्ही केलं ते एवढंच. पळी कपाटात टाकली आणि चमचा बाहेर काढला. दर सोमवारी अर्धा लिटर तेल एका काचेच्या बुधलीत भरायचं आणि रविवारपर्यंत ते पुरवायचं. म्हणजे महिन्याला दोन लिटरच्या थोडं वर, माणशी रोजचे सुमारे १६ ग्रॅम. उरलेले ११ ग्रॅम तूप आणि बाहेरच्या खाण्यासाठी राखले. पहिल्या आठवड्यात बुधली गुरुवारी संपली. तिसऱ्या आठवड्यापासून पुरायला लागली. जाड बुडाची कढई, फोडणी तडतडल्यावर भाजी टाकून झाकणावर पाणी ठेवणं आणि कांदा परतताना तेलाऐवजी पाण्याचा हबका मारणं, यांनी निम्मं काम होतं. आजी झाकणावरच्या पाण्याची भाजी आयुष्यभर करत आली होती. आम्हीच विसरलो होतो.

तिसरी पायरी: न दिसणारी चरबी शोधा

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते संतृप्त चरबी एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांहून जास्त नसावी. २००० कॅलरींमागे हे २२ ग्रॅम होतात. ज्यांचं एलडीएल चढलेलं आहे त्यांना अमेरिकन हार्ट असोसिएशन ६ टक्क्यांच्या खाली राहायला सांगते, म्हणजे सुमारे १३ ग्रॅम.

आता म्हशीच्या दुधाचा हिशोब करा. त्यात ६ ते ७ टक्के स्निग्धांश असतो. दिवसाला चहा, दही आणि रात्रीचा पेला मिळून अर्धा लिटर दूध पोटात जात असेल तर ३० ग्रॅमच्या वर चरबी झाली, आणि तिच्यातली २० ग्रॅमच्या आसपास संतृप्त. तेलाच्या बाटलीवर तासभर वाद घालणाऱ्या घरात दुधाचा हा आकडा कुणाच्या गावीही नसतो. आम्ही तेलाआधी दूध बदललं. गाईचं आणलं, तेही तापवून, गार करून, साय काढून. माझ्या मते एलडीएल जास्त असलेल्या मराठी घरात सगळ्यात सोपा आणि सगळ्यात दुर्लक्षित बदल हाच आहे.

मग फरसाण, खारी, बटर, नानकटाई, क्रीमची बिस्किटं यांची पाकिटं उलटी करून बघा. बहुतेकांवर पामोलिन किंवा पाम तेल लिहिलेलं सापडेल. शेंगदाण्याच्या कुटातही चरबी असते, पण तिचा मोठा भाग असंतृप्त आहे. कुटाला घाबरू नका, फक्त कॅलरी धरा. सुक्या खोबऱ्यात मात्र ६० टक्क्यांहून जास्त चरबी असते आणि ती बहुतेक सगळी संतृप्त. वाटणात खोबरं रोज मूठभर जात असेल तर ते हिशोबात घ्या.

चौथी पायरी: प्रत्येक तेल काय करतं

वनस्पती तूप, ज्याला आपल्याकडे आजही डालडा म्हणतात, ते घरात ठेवूच नका. द्रव तेलात हायड्रोजन घालून ते अर्धवट घट्ट करताना ट्रान्स फॅट तयार होतं. ते एलडीएल चढवतं आणि त्याच वेळी एचडीएल उतरवतं, हे १९९० पासून ठाऊक आहे. दिवसाच्या कॅलरींतला फक्त २ टक्के वाटा ट्रान्स फॅटचा असला तरी हृदयविकाराचा धोका सुमारे २३ टक्क्यांनी जास्त आढळला, असं २००६ च्या एका मोठ्या आढाव्यात निघालं. भारतात अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने तेलातुपातल्या ट्रान्स फॅटची मर्यादा जानेवारी २०२१ पासून ३ टक्के आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के केली. नियम चांगला आहे. पण बिनपाकिटाच्या, गाडीवरच्या पदार्थांवर लेबल नसतं, तिथे आपणच सावध राहायचं.

खोबरेल. आत्याला दुखवायचं नाही, म्हणून आधी तिच्या बाजूचं. केरळात स्थिर हृदयविकाराच्या सुमारे २०० रुग्णांवर दोन वर्षं चाचणी झाली, निम्म्यांना खोबरेल आणि निम्म्यांना सूर्यफूल. रक्तातल्या आकड्यांत आणि झटक्यांत लक्षणीय फरक पडला नाही. पण त्या रुग्णांचे औषधोपचार चालूच होते आणि तेलही बेताचं होतं. १६ चाचण्या एकत्र करून २०२० मध्ये आढावा घेतला गेला, तेव्हा इतर वनस्पती तेलांच्या तुलनेत खोबरेलाने एलडीएल सरासरी १० मिलिग्रॅमने वाढल्याचं दिसलं. एचडीएलही ४ ने वाढलं. पण वाढलेलं एचडीएल संरक्षण देतंच असं नाही, हे वर सांगितलं. खोबरेलाची ९० टक्क्यांच्या आसपास चरबी संतृप्त असते, तुपापेक्षाही जास्त. कोकणातलं जुनं जेवण मासळी, कुळीथ, नाचणी आणि अंगमेहनत यांच्यासकट होतं. त्यातलं एकटं खोबरेल उचलून पुण्यातल्या बैठ्या नोकरीत आणलं तर तो हिशोब जुळत नाही. सोलकढी, माशाचं कालवण यांत ओला नारळ जरूर घाला, रोजची फोडणी मात्र दुसऱ्या तेलाची द्या.

साजूक तूप. त्यातली सुमारे ६० टक्क्यांहून जास्त चरबी संतृप्त आहे, म्हणजे एका चहाच्या चमच्यात साधारण ३ ग्रॅम. वरणभातावर एक चमचा, पुरणपोळीवर सणाला थोडं जास्त, हे २२ ग्रॅमांत बसतं. फोडणी, पोळी, शिरा आणि तळण सगळं तुपात केलं तर बसत नाही. आजीला मी एवढंच सांगितलं की तिच्या लहानपणी तूप वाटीने वाढायला मिळत नव्हतं. ती गप्प झाली आणि मग म्हणाली, "हे खरंय."

पाम तेलात साधारण निम्मी चरबी संतृप्त, पामोलिनमध्ये त्याहून थोडी कमी. कमी संतृप्त चरबीच्या तेलांशी तुलना केली तर ते एलडीएल सुमारे ९ ने वाढवतं. ट्रान्स फॅटपेक्षा ते बरं, म्हणून कारखान्यांनी त्याकडे मोर्चा वळवला.

आता मामांची करडई. इथे जरा थांबावं लागेल, कारण हे आपलं तेल आहे, मराठवाड्याच्या आणि सोलापूरच्या रब्बीतलं. आपल्या पारंपरिक करडईच्या तेलात सुमारे ७५ टक्के पुफा असतं आणि संतृप्त चरबी १० टक्क्यांच्या आत. वेगवेगळ्या १३ तेलातुपांवरच्या ५४ चाचण्यांची २०१८ मध्ये एकत्रित तुलना झाली, तेव्हा एलडीएल उतरवण्यात करडईचा पहिला क्रमांक लागला. मामा बरोबर ठरले.

पण ऑस्ट्रेलियात सिडनीला १९६६ ते १९७३ मध्ये झालेली एक चाचणी मामांना ठाऊक नव्हती. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले ४५८ पुरुष त्यात होते. एका गटाला संतृप्त चरबी कमी करून करडई तेल आणि करडईचं मार्गारिन, म्हणजे तेलापासून केलेला लोण्यासारखा पदार्थ, दिलं. कोलेस्टेरॉल उतरलं. मृत्यू मात्र वाढले: करडई गटात १७.६ टक्के, दुसऱ्या गटात ११.८ टक्के. जुनी माहिती पुन्हा तपासून हे आकडे २०१३ मध्ये सविस्तर छापले गेले. चाचणी लहान होती, त्या काळच्या मार्गारिनमध्ये ट्रान्स फॅट असण्याची शक्यता होती, आणि तेलही प्रचंड होतं: कॅलरींच्या १५ टक्क्यांच्या आसपास निव्वळ लिनोलिक आम्ल (हे ओमेगा-६ प्रकारचं पुफा), ओमेगा-३ या दुसऱ्या प्रकारच्या पुफाची जोड नाही. याउलट ज्या जुन्या चाचण्यांत सोयाबीन तेल वापरलं, ज्यात लिनोलिकबरोबर थोडं ओमेगा-३ ही असतं, त्यांत झटके कमी झाले. त्या चाचण्यांच्या आधारे अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ मध्ये म्हटलं की संतृप्त चरबीच्या जागी पुफा आल्यास हृदयविकार सुमारे ३० टक्के घटतो. ओमेगा-६ ने शरीरात दाह होतो म्हणून सूर्यफूल-करडई टाळा, असे निरोप फिरतात. माणसांवरच्या चाचण्यांत तसा दाह वाढलेला दिसत नाही. मी यातून घेतलं ते असं: करडई आणा, पण तेच एक तेल सदासर्वकाळ आणि पळीने नको. आणि जेवणात ओमेगा-३ ची सोय ठेवा.

ती सोय विदर्भाच्या स्वयंपाकात आधीपासून आहे. जवसाच्या तेलातली निम्म्याहून जास्त चरबी ओमेगा-३ असते. जवसाचं तेल तापवायचं नाही, पण दाणे हलके भाजून चटणी करा. मोठा चमचाभर जवसाच्या पुडीतून दीड ग्रॅमच्या आसपास ओमेगा-३ मिळतं, आणि प्रौढ माणसाची दिवसाची गरज साधारण तेवढीच आहे. मासे खाणाऱ्यांनी आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली, तळून न खाता कालवणात.

शेंगदाणा तेल मधलं आहे: संतृप्त चरबी १७ ते २० टक्के, मुफा निम्म्याच्या आसपास, उरलेलं पुफा. तुपाच्या किंवा पामच्या जागी चांगलं, उष्णतेत टिकाऊ आणि आपल्या जिभेवर बसलेलं. आमचं मुख्य तेल हेच राहिलं. तिळाचं तेलही जवळपास या ओळीतलं, संतृप्त त्याहून थोडं कमी.

मोहरीच्या तेलात संतृप्त चरबी फार कमी आणि ओमेगा-३ बऱ्यापैकी असतं. दिल्ली आणि बंगळुरूतल्या रुग्णांचा एक अभ्यास २००४ मध्ये आला. त्यात मोहरीचं तेल वापरणाऱ्यांत हृदयविकार सूर्यफूलवाल्यांपेक्षा कमी आढळला. मात्र ती तुलना निरीक्षणातून केलेली होती, कुणाला ठरवून तेल दिलं नव्हतं. मोहरीतलं इरुसिक आम्ल उंदरांच्या हृदयाला बाधल्याचं दिसलं होतं, माणसांत तसा पुरावा मिळालेला नाही. चव आवडत असेल तर आठवड्यातून दोन भाज्या त्यात करा.

राइस ब्रॅन, म्हणजे भाताच्या कोंड्याचं तेल, यात ओरायझेनॉल हा नैसर्गिक घटक असतो. चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात या तेलाने एलडीएल सुमारे ७ ने उतरलं. तळणालाही ते बरं.

काकूंच्या ऑलिव्ह ऑइलबद्दल. स्पेनमधल्या प्रेडिमेड या ७४४७ जणांच्या चाचणीत एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल किंवा सुकामेवा घेणाऱ्यांत झटके आणि पक्षाघात मिळून सुमारे ३० टक्के घटले. गटवाटपातल्या चुकांमुळे तो शोधनिबंध मागे घेऊन २०१८ मध्ये पुन्हा छापावा लागला, निष्कर्ष तोच राहिला. पण तिथे भाज्या, डाळी, मासेही होते. परवडत असेल तर कोशिंबिरीवर घाला. नाही परवडलं तर शेंगदाणा आणि जवसाची जोडी हाताशी आहेच, त्यासाठी कर्ज काढायचं कारण नाही.

पाचवी पायरी: किती उतरेल याचा अंदाज

जागतिक आरोग्य संघटनेसाठी २०१६ मध्ये झालेल्या आढाव्यानुसार दिवसाच्या कॅलरींतली १ टक्का संतृप्त चरबी काढून तिथे पुफा आणलं तर एलडीएल सुमारे २.१ ने उतरतं. मुफा आणलं तर १.६ ने. तिथे पिष्टमय पदार्थ आणले तर १.३ ने, पण ट्रायग्लिसराइड्स चढतात.

समजा कुणी रोज २५ ग्रॅम तुपात स्वयंपाक करत होतं. त्यातून साडेपंधरा ग्रॅम संतृप्त चरबी जात होती. त्या जागी २५ ग्रॅम शेंगदाणा तेल आणलं तर साडेचार ग्रॅम. फरक ११ ग्रॅमचा, म्हणजे २००० कॅलरींतले सुमारे ५ टक्के. एलडीएल ८ ते १० ने उतरेल. जो आधीच सूर्यफूल वापरत होता आणि आता महागडं राइस ब्रॅन आणतो, त्याला एवढं उतरण्याची आशा धरता येणार नाही. तेलं बदलण्यात पैसे घालण्याआधी हा हिशोब कागदावर करा.

सहावी पायरी: तळण

दिवाळीच्या फराळात चकली, शेव, शंकरपाळी, करंजी एकाच कढईत तळून उरलेलं तेल महिनाभर भाजीत वापरायचं, ही सवय मोडायला हवी. पुन्हा पुन्हा तापलेल्या तेलात पोलर संयुगं, म्हणजे तेल बिघडल्याची खूण असलेले घटक, तयार होतात. व्यावसायिक तळणात ती २५ टक्क्यांच्या वर गेली की तेल फेकावं, असा नियम जुलै २०१८ पासून आहे. घरी मापायला यंत्र नसतं, पण तेल दाट झालं, काळवंडलं, वर फेस राहू लागला किंवा नेहमीपेक्षा लवकर धूर सोडू लागलं की ते संपलं समजा. जास्त पुफा असलेली तेलं लवकर खराब होतात, म्हणून तळणाला करडई-सूर्यफूल नको, शेंगदाणा किंवा राइस ब्रॅन घ्या. कढई लहान घ्या आणि तेल कमी ओता. उरलेलं गाळून दोन दिवसांत फोडणीला संपवा, जुन्या तेलात ताजं मिसळू नका.

तळण्याआधी कढईतलं तेल मोजा, झाल्यावर उरलेलं मोजा. मधला फरक पुऱ्यांबरोबर आपल्या पोटात गेलेला असतो. शंकरपाळीच्या मोहनाला वनस्पती तुपाऐवजी कडकडीत तेल घातलं तरी ती खुसखुशीत होते. आम्ही करून पाहिली.

सातवी पायरी: दुकानात

"कोलेस्टेरॉल फ्री" या शब्दांना भुलू नका. कुठल्याही वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नगण्यच असतं, खोबरेलातही. मागच्या तक्त्यातला संतृप्त चरबीचा आकडा पाहा. १०० ग्रॅमला २० च्या आत असेल तर रोजच्यासाठी चालेल. मिश्र तेल घेत असाल तर त्यात कुठली दोन तेलं आणि किती टक्के, ते लेबलवर लिहिलेलं असतं. प्रत्येक तेल किमान २० टक्के असावं लागतं. दुसरं तेल पामोलिन असेल तर बाटली परत ठेवा.

घाण्याच्या तेलाबद्दल खूप विचारलं जातं. लाकडी घाण्याच्या शेंगदाणा तेलात आणि रिफाइंड शेंगदाणा तेलात चरबीचं प्रमाण तेच असतं, त्यामुळे एलडीएलवरचा परिणामही जवळजवळ तोच. घाण्याच्या तेलात वास, चव आणि काही सूक्ष्म घटक टिकतात. मात्र शेंगदाणे बुरशी लागलेले असतील तर अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष तेलात येऊ शकतं, जे रिफाइंड करताना बरंचसं निघून जातं. घाण्यावर जात असाल तर दाणे स्वतः निवडून द्या किंवा समोर बघून घ्या. सुटं तेल घेऊ नका.

आठवी पायरी: पुन्हा तपासणी

आहारातल्या बदलाचा एलडीएलवरचा परिणाम तीन-चार आठवड्यांत बहुतेक दिसतो. तरी दोन ते तीन महिने थांबा. तपासणी त्याच प्रयोगशाळेत करा, आधी उपाशीपोटी केली असेल तर आताही उपाशीपोटीच, आणि ताप किंवा मोठं आजारपण येऊन गेलं असेल तर काही आठवडे लांबवा. एकाच माणसाचं एलडीएल काही न करताही ७ ते १० टक्के वरखाली होतं. पाचाने उतरलं म्हणून पेढे वाटू नका, पाचाने चढलं म्हणून धीर सोडू नका.

तीन महिन्यांनी माझं एकूण १९६, एलडीएल १२६, एचडीएल ४०, ट्रायग्लिसराइड्स १४८ आले. नॉन-एचडीएल १५६. यातलं तेलाचं किती, दुधाचं किती आणि संध्याकाळच्या बिस्किटांऐवजी आलेल्या फुटाण्यांचं किती, हे वेगळं काढता येत नाही. १०० च्या खाली मी अजून आलेली नाही. डॉक्टरांनी लायपोप्रोटीन-ए तपासायला सांगितलं आहे आणि गोळीचा निर्णय त्यावर होईल. रिपोर्टाबरोबर मी त्यांना एक कागदही दाखवला: कॅन उघडल्याची तारीख, संपल्याची तारीख, तुपाचं वजन, दुधाचा प्रकार, आठवड्यात किती वेळा तळण आणि किती वेळा बाहेरचं. तुम्हीही जाताना असा कागद न्या. "तेल कमी खातो" असं तोंडी सांगितलं तर डॉक्टर काहीच ठरवू शकत नाहीत.